उकाडा आणि डास: आधी सीलिंग करू की आधी जाळ्या मारू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गावाकडचं घर पत्र्याचं आहे, उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही, रात्री खिडक्या उघड्या टाकल्या की डास फोडून काढतात आणि बंद केल्या की जीव गुदमरतो, मागच्या पावसाळ्यात घरातल्या दोघांना डेंग्यू झाला, घरात म्हातारी माणसं आहेत, पैसे मोजकेच आहेत, तर ते सीलिंगवर घालावेत की सगळ्या खिडक्यांना जाळ्या मारून घ्याव्यात. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यातली बरीचशी खेड्यातली, आणि हा प्रश्न मला या ना त्या शब्दांत सारखा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक सांगतो, हे दोन प्रश्न नाहीयेत. लोक उकाड्यासाठी एका माणसाला बोलावतात आणि डासांसाठी दुसऱ्याला, आणि मग एकाचं काम दुसऱ्याचं काम बिघडवतं. डासांसाठी फटी बुजवल्या की घर भट्टी होतं, भट्टी झाली की माणसं संध्याकाळी दार सताड उघडं टाकून ओट्यावर जाऊन बसतात, मच्छरदाणी गुंडाळून ठेवतात, नाहीतर सरळ अंगणात बाज टाकून झोपतात, आणि डासाला आत यायचीसुद्धा गरज उरत नाही. उलट बाजूनं, गारव्यासाठी कूलर आणला, पत्र्यावर ओली पोती टाकली, दाराशी पाण्याचे रांजण मांडले की डेंग्यूच्या डासाची सोय आपणच घरात केली. त्यामुळे कुठलंही काम करायच्या आधी मी एवढंच विचारतो, यानं रात्री आत झोपायला बरं वाटेल का. वाटणार नसेल तर जाळी कितीही भारी असली तरी ती पहिल्या उन्हाळ्यात कोणीतरी फाडणार किंवा खिडकीच्या खिळ्यांवरून काढून ठेवणार.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. एक म्हणजे हवा कोरडी की दमट. कोरड्या भागात दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो, म्हणजे रात्रीची गार हवा घरात खेळवली तर जाड मातीच्या किंवा दगडी भिंती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साथ देतात. दमट भागात रात्रसुद्धा उकडते, तिथे जाड भिंती दिवसभर प्यायलेली उष्णता नेमकी झोपायच्या वेळेला आत सोडतात, तिथे हलक्या भिंती आणि भरपूर वारा हेच खरं. दुसरं म्हणजे छप्पर कशाचं आहे, ते तुम्ही सांगितलंय. तिसरं, आणि हे कोणीच विचारत नाही, तुमच्याकडे त्रास देणारा डास कुठला.

डेंग्यू, चिकुनगुनिया पसरवणारा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त, आणि तो बहुतेक वेळा लांबून येत नाही, तुमच्याच किंवा शेजाऱ्याच्या घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस रात्री येतो. रात्रभर कानाशी गुणगुणणारा बहुतेक क्युलेक्स असतो, तो गटाराच्या, शोषखड्ड्याच्या घाण पाण्यातला, हत्तीरोग पसरवणारा. खिडकीची जाळी रात्रीच्या दोघांसाठी फार कामाची. एडिससाठी अर्धीच, कारण मोरीतल्या पिंपात अळ्या असतील तर जाळी डासांना बाहेर नाही, आत कोंडते. तुमच्या घरात डेंग्यू झालाय म्हणजे पैसे खर्च करायच्या आधी पाण्याकडे बघायचंय, आणि त्याला फारसे पैसे लागतही नाहीत.

ते आधी उरकूया. अंडं ते उडणारा डास हे चक्र उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण सात ते दहा दिवसांचं असतं, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यावर न घालता पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओल्या कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, पाणी भरलं की फुटतात. म्हणजे काथ्यानं किंवा ब्रशनं आतून घासलंच पाहिजे. जी भांडी रिकामी करता येत नाहीत, मोठी टाकी, सिमेंटचा हौद, त्यांना घट्ट बसणारं झाकण, आणि झाकणात नळीसाठी पाडलेलं भोक असेल तर त्याला कापड बांधा, ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी लावा. सेप्टिक टँकच्या उभ्या व्हेंट पाइपाच्या टोकाला नायलॉनची जाळी आणि वर तार आवळायची, हे पाच मिनिटांचं काम आहे आणि क्युलेक्सची अख्खी फौज त्यातून बाहेर पडत असते, तरी दहा घरांत एखाद्याच घरी केलेलं दिसतं.

आणि पत्र्यावर चढून बघा. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून बहुतेकांनी वर दगड आणि जुने टायर टाकलेले असतात. टायर कसाही ठेवा, आतल्या पोकळीत पावसाचं पाणी राहतंच, सावलीत राहतं, वर पालापाचोळा कुजतो, म्हणजे एडिसला याहून चांगली जागा तुम्ही बांधूनसुद्धा देऊ शकला नसता, आणि ती नेमकी झोपायच्या खोलीच्या डोक्यावर. मी अशा टायरला हात घालून चिखल बाहेर काढला की त्यात अळ्या वळवळताना घरच्यांना दिसतात, मग फार समजावून सांगावं लागत नाही. यावर उपाय म्हणजे टायरच काढून टाकणे आणि पत्रे जे-हुकनं नीट वाशांना आवळणे, खाली रबरी वॉशर घालून. ते लगेच जमत नसेल तर टायरचे अर्धे काप करून पालथे टाका किंवा खालच्या बाजूला पहारीनं मोठी भोकं पाडा. पन्हाळीत कचरा अडकून पाणी साचतं तेही त्याच फेरीत साफ करा.

आता छपराकडे. पत्र्याच्या घरात माणसाला जे सोसावं लागतं ते हवेच्या उष्णतेपेक्षा जास्त पत्र्याच्या आचेमुळे असतं. दुपारच्या उन्हात पत्रा साठ अंशांच्या पुढे सहज जातो, आणि तुम्ही खाली बसला असाल तर तापलेल्या तव्याखाली बसल्यासारखं टाळू, खांदे भाजत राहतात. म्हणूनच पंखा लावूनही बरं वाटत नाही, पंखा हवा हलवतो, आच अडवत नाही. तेव्हा पहिलं काम पत्रा कमी तापवणे, दुसरं त्याची आच माणसापर्यंत येऊ न देणे.

कमी तापवायला पांढरा रंग. लोक म्हणतात आमचा पत्रा नवा चकचकीत आहे, तो ऊन परतवतोच की. परतवतो, पण जी उष्णता आत घेतली ती चकचकीत धातू सहजासहजी आकाशाकडे सोडत नाही, म्हणून तोही तापून बसतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि उष्णता सोडतोही. गंजका काळपट पत्रा असेल तर फरक अजूनच मोठा. माझ्या कामांत आतल्या हवेत दोन-चार अंशांचा फरक पडलेला दिसतो, आणि आचेत पडणारा फरक त्याहून जास्त जाणवतो, तो थर्मामीटर नीट दाखवत नाही पण माणूस सांगतो. फक्त एक, धातूच्या पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही, पहिल्या दोन पावसांत धुऊन जातो. चुना स्लॅबवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर चांगला. धातूवर तारेच्या ब्रशनं गंज काढून, प्राइमर मारून मगच बाहेरचा पांढरा रंग, आणि नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर त्याला धरणारा वेगळा प्राइमर मिळतो तो मागून घ्या नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. दर उन्हाळ्याच्या तोंडावर पत्रा झाडून धुवायचा, कारण वरचा धुरळा सगळ्या पांढरेपणाची वाट लावतो. छपराचं पाणी प्यायला साठवत असाल तर रंगवल्यानंतरचे पहिले काही पाऊस वाहून जाऊ द्या.

रंगाला पैसे नसतील तर पत्र्याच्या फूटभर वर बांबूच्या चौकटीवर शेडनेट ताणा, किंवा तट्ट्या घाला. मधून वारा गेला पाहिजे, पत्र्याला चिकटवून टाकलं तर निम्मा फायदा जातो. वेल चढवायचा असेल तरी मांडव पत्र्यापासून सुटा.

आता सीलिंग, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. माझं उत्तर असं आहे की सीलिंगच करा, पण जे सर्रास करतात ते नाही. सर्रास काय करतात, पत्र्याखाली चार बोटांवर पीव्हीसीच्या पट्ट्या किंवा थर्माकोलचे तुकडे मारतात, कडेनं फटी तशाच सोडतात, वरची हवा कोंडलेली, दोन वर्षांत उंदीर आणि चिमण्या. पोकळी चारी बाजूंनी बंद असली की पत्र्याची उष्णता तिथे साठते आणि संध्याकाळी हळूहळू खाली येते. शिवाय चूल असलेल्या घरात थर्माकोल म्हणजे आगीला आमंत्रण, ते मी बसवतच नाही.

मी कसं करतो ते बघा. पत्र्याच्या घरात भिंत संपते आणि पत्रा सुरू होतो तिथे, वळचणीला, वीतभर उघडी फट असते. रात्रीचे डास बहुतेक तिथूनच येतात, विशेषतः अ‍ॅनोफिलीस, भिंतीवर आपटला की तो वर चढत जातो आणि फटीतून आत शिरतो. आणि आतली गरम हवाही तिथूनच बाहेर जाते. म्हणजे एकच फट, एकाला दार आणि दुसऱ्याला धुराडं. ती विटांनी बुजवली की डास अडतो आणि उष्णताही अडते, आणि नेमकं हेच काम गवंडी उत्साहानं करून देतो. त्याऐवजी सीलिंग त्या फटीच्या खाली, भिंतीच्या माथ्याला घ्या, आणि भिंतीला चारी बाजूंनी घट्ट पट्टी मारून चिकटवा. आता फट सीलिंगच्या वर गेली. ती उघडीच राहू दे, वारा पत्र्याखालून इकडून तिकडे जातोय, उष्णता घेऊन जातोय, आणि वरून शिरलेला डास पोकळीतच राहतो, खाली माणसापर्यंत पोचत नाही. फक्त उंदीर-पाखरांसाठी फटीला जाड जाळी मारायची. सीलिंग बांबूच्या चटईचं चालतं, पातळ बोर्डाचं चालतं, अगदी जाड कापड ताणून मारलेलं चालतं, फक्त चटईच्या विणीतून उजेड दिसत असेल तर वरून कापड घाला, तिथून डास येतो. आच अडवायला वरच्या बाजूला, पोकळीकडे तोंड करून चंदेरी फॉइल अंथरता आलं तर उत्तम, पण फॉइल हवेला उघडं असेल तरच काम करतं, दोन थरांमध्ये दाबलं तर वाया.

हे नुसतं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियामध्ये फराफेनी भागात घरांची चाचणी झाली होती, निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. काही घरांच्या दारं-खिडक्यांना जाळी लावली आणि वळचण बंद केली, काहींना फक्त जाळीचं सीलिंग केलं, काहींना काहीच नाही. पूर्ण जाळीच्या घरात डासांची संख्या सुमारे ५९ टक्क्यांनी कमी आढळली आणि नुसत्या सीलिंगच्या घरात सुमारे ४७ टक्क्यांनी. मुलांमधला रक्तक्षयही दोन्हीकडे कमी होता. म्हणजे दार-खिडक्यांना हात न लावता फक्त सीलिंगनं जवळजवळ निम्मा फरक पडला. तिथे जाळीचं सीलिंग होतं, त्यानं आच अडत नाही, म्हणून मी चटई किंवा कापड सांगतोय, बाकी तत्त्व तेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच देशात नंतर मोठी चाचणी झाली, गवताची छपरं काढून पत्र्याची, वळचण बंद, दारं-खिडक्या जाळीच्या. गावात सगळ्यांकडे औषध लावलेल्या मच्छरदाण्या होत्या. २०२१ साली आलेला निष्कर्ष असा की मच्छरदाणीच्या वर अशा घरांमुळे मुलांच्या मलेरियात आणखी घट झाल्याचं दिसलं नाही. घरबांधणीवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण मला त्यात नवल वाटलं नाही. पत्र्याची, वळचण बंद केलेली घरं रात्री उशिरापर्यंत गरम राहतात हे तिथल्याच प्रयोगांत दिसलं होतं, आणि गरम घरात माणूस लवकर झोपायला जात नाही, दार लावून बसत नाही. त्यामुळे मच्छरदाणी सोडू नका, जाळ्या झाल्या तरी. घराच्या जाळ्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची शिफारससुद्धा सशर्तच आहे.

भिंती फार बुटक्या असतील, म्हणजे सीलिंग भिंतीच्या माथ्याला घेतलं तर पंखा डोक्याला लागेल, तर सीलिंग पत्र्याच्या उताराबरोबरच घ्या, वाशांच्या खाली, मध्ये वीतभर मोकळी जागा ठेवून, आणि ती पोकळी खाली वळचणीला आणि वर आढ्याला उघडी ठेवा. गरम हवा आपोआप वर चढून आढ्यातून निघते. दोन्ही तोंडांना जाळी मारायची.

आता खिडक्या. सीलिंग झालं की वरून हवा येणं थांबतं, म्हणून खालून आली पाहिजे. इथे लोक कंजुषी करतात. डासाची जाळी वारा अडवते, हळू वारा असेल तर जवळजवळ निम्म्यापर्यंत. म्हणजे आहे त्याच एका खिडकीला जाळी मारली तर उकाडा वाढणारच, आणि दोष जाळीला जाणार. खिडकी मोठी करा नाहीतर समोरासमोरच्या भिंतीत दुसरी पाडा. एका भिंतीतल्या दोन मोठ्या खिडक्यांपेक्षा समोरासमोरच्या दोन लहान खिडक्या चांगल्या. झोपायच्या उंचीला खिडकी हवी, बाजेच्या वर चार फुटांवर असलेल्या खिडकीचा वारा झोपलेल्या माणसाला लागत नाही. चोरीची भीती असेल तर गज घाला, झडप रात्री उघडीच राहू दे. हवा खेळती असली की अजून एक गोष्ट होते, डासाला माणूस श्वासातल्या कार्बन डायॉक्साइडवरून सापडतो, हा वायू खोलीत कोंडून राहिला आणि फटीतून एका धारेनं बाहेर गेला की डासाला वाट सापडते. हवेशीर घरात तो पातळ होऊन जातो.

जाळी कुठली घ्यावी. छिद्र साधारण सव्वा मिलिमीटरचं, दीडच्या वर नको. त्याहून बारीक घेतली की वारा अडतो, फायदा काही नाही. नायलॉन उन्हानं दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते आणि मांजर एका नखात फाडतं. फायबरग्लास बरी. अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलची टिकते, लोखंडी तारेची दमट हवेत गंजून चुरा होते. वेल्क्रोनं चिकटवायची जाळी भाड्याच्या घराला ठीक आहे, स्वतःच्या घराला लाकडी पट्टी मारा. सुताराला सांगा की जाळी आधी एका कडेला ठोकून मग ताणून समोरची कड, आणि वरून पट्टी खिडकीच्या चौकटीवर, भिंतीवर नको, कारण भिंतीचा गिलावा सरळ नसतो आणि पट्टीमागे बोटभर फट राहते. आणि जाळी महिन्या-दोन महिन्यांनी पाण्यानं धुवा. धुळीनं बुजलेली जाळी म्हणजे भिंतच झाली.

काम झाल्यावर तपासायची सोपी पद्धत आहे. भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून, झडपा बंद करून आत अंधारात पाच मिनिटं उभे राहा. डोळे सरावले की जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून डास येतो. खडूनं खुणा करा आणि मग बुजवा. सगळ्यात जाड रेघ कुठे दिसते माहितीये, दाराच्या खाली. लोक खिडक्यांवर हजारदा विचार करतात आणि दाराखालून दोन बोटं उजेड येत असतो. तिथे रबराची पट्टी, नाहीतर उंबऱ्यावर लाकडी पट्टी ठोकून फट कमी करायची.

दाराला वेगळी जाळीची झडप करत असाल तर ती बाहेर उघडणारी आणि आपोआप मिटणारी हवी. स्प्रिंग महाग वाटली तर दोरी, कप्पी आणि वजन लटकवूनही होतं. दिवेलागणीला पोरं पन्नासदा आतबाहेर करतात, त्यांच्याकडून दार लावायची अपेक्षा ठेवू नका, दारानंच स्वतः लागलं पाहिजे. ओटा किंवा पडवी असेल तर मला विचाराल तर तिलाच जाळी मारा, पैसे असतील तेव्हा. माणसं संध्याकाळी बसतात तिथेच, म्हातारी माणसं उन्हाळ्यात झोपतातही तिथेच. दोन दारांमधली पडवी म्हणजे डासाला दोनदा चुकवावं लागतं. १९०० साली मलेरिया डासांमुळेच होतो हे दाखवायला ब्रिटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सननं रोमजवळच्या ओस्टियाच्या दलदलीत जाळीची झोपडी बांधून सॅम्बन आणि लो या दोन डॉक्टरांना मलेरियाच्या अख्ख्या मोसमात तिथे राहायला पाठवलं होतं, त्यांचा नियम एकच, सूर्य मावळायच्या आधी आत आणि उगवल्यावर बाहेर, आणि त्यांना मलेरिया झाला नाही. पण ते शास्त्रज्ञ होते, काम म्हणून आत बसले. आपल्या घरातलं माणूस आत बसायचं तर आत बरं वाटायला हवं, म्हणून मी परत परत उकाड्यावर येतोय.

पंख्याबद्दल. पंखा ही अशी एकच वस्तू आहे जी दोन्ही कामं करते. डास फार कमजोर उडतो, पंख्याच्या झोतात त्याला अंगावर उतरताच येत नाही. वीज असेल तर बाजेच्या पायथ्याशी ठेवलेला साधा टेबल फॅन छताच्या पंख्यापेक्षा उपयोगी, तो वरची गरम हवा खाली ढकलत नाही. मात्र भर दुपारी हवा चाळीसच्या पुढे असेल तर नुसता पंखा म्हाताऱ्या माणसाला गार करत नाही, उलट तापवतो, तेव्हा अंग ओल्या फडक्यानं पुसत राहायचं आणि पाणी प्यायला देत राहायचं. कूलर कोरड्या हवेत छान, दमट हवेत नुसती चिकचिक. ठेवलात तर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, आणि मोसम संपला की गवताच्या जाळ्यांसकट वाळवून ठेवायचा, तळाशी उरलेल्या बोटभर पाण्यातही एडिस वाढतो. पत्र्यावर पाणी मारायचं तर ते वाहून गेलं किंवा तासाभरात वाळलं पाहिजे, स्लॅबवर तळं करून ठेवायचं नाही.

पश्चिमेच्या भिंतीवर सावली हवी, झाड, तट्टी, लांब पाखं, काहीही. झाडांमुळे डास वाढतात म्हणून घराभोवतीची झाडं तोडू नका, डास झाडात जन्मत नाही, पाण्यात जन्मतो, झाडीत दिवसा बसतो एवढंच. भिंतीला लागून दाट झुडपं नकोत, बाकी उंच झाडाची सावली डोळे मिटून घ्या. कुंडीखालच्या ताटल्या मात्र फेकून द्या.

नवं घर बांधायचा विचार असेल कधी, तर झोपायची खोली वरच्या मजल्यावर घ्या, हलक्या भिंतींची. गाम्बियातच प्रायोगिक झोपड्या खांबांवर उचलून बघितल्या होत्या, तीन मीटर उंचीवर मलेरियाचे डास ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी शिरले. वर वाराही जास्त. पण ते नव्या घराचं, तुमच्या प्रश्नात ते नाही.

तर तुमच्या पैशांचा क्रम मी असा लावीन. या आठवड्यात फुकटची कामं, टायर, पिंपं, व्हेंट पाइप, दाराखालची फट. मग पत्र्याला पांढरा रंग, कारण तो उन्हाळ्याआधीच झाला पाहिजे. मग फक्त एका खोलीला, जिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं झोपतात तिथे, सीलिंग, समोरासमोर जाळीच्या खिडक्या आणि आपोआप मिटणारं दार, सगळं एकत्र. चार खोल्यांना अर्धवट काम करण्यापेक्षा एक खोली पूर्ण करा. ती खोली नीट झाली की घरचे स्वतःच पुढच्या खोलीचं विचारतात. बाकीच्या खोल्यांत तोवर मच्छरदाणी आणि पंखा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये पण विचारून ठेवतो, पत्रा धातूचा आहे की जुना सिमेंटचा? सिमेंटचा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चला. तो तारेच्या ब्रशनं कोरडा घासायचा नाही, सीलिंग अडकवायला त्यात भोकं पाडायची नाहीत, त्याची धूळ फुप्फुसात बसते. ओला करून मऊ झाडूनं शेवाळ काढा, वरून चुना किंवा पांढरा रंग मारा, सीलिंग वाशांना किंवा भिंतीला अडकवा. तडकलेला तुकडा खाली काढायचा असेल तर आख्खा काढा, तोडू नका, आणि तोंडाला नीट बसणारा मास्क लावून, नुसता रुमाल बांधून नाही. धातूचा असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. भिंतीची उंची किती आणि वळचणीची फट किती बोटं आहे ते मोजून सांगा, म्हणजे सीलिंग सपाट घ्यायचं की उतारानं ते सांगता येईल.